पावसाळ्यापुरती गाडी

वैशाख सरत आला की आपल्या घराघरांतून एकच धांदल सुरू होते. कुरडया-पापड डब्यांत भरायचे, वर्षाचं तिखट-मसाले घट्ट झाकणं लावून ठेवायचे, छत्र्यांच्या काड्या नीट करून आणायच्या, मुलांचे रेनकोट काढून ते आखूड झाले का ते पाहायचं. आणि एक खरेदी सगळ्यांकडे ठरलेली, पावसाळी चपलांची! चांगल्या कोल्हापुरी वहाणा कागदात गुंडाळून माळ्यावर जातात आणि चार महिन्यांसाठी रबराचा स्वस्तातला जोड घरात येतो. दसऱ्यापर्यंत तो झिजला, तुटला, तरी कुणी हळहळत नाही. त्याचं काम झालेलं असतं.

आता चपलांचा हा न्याय मी चक्क मोटारगाडीला लावणार आहे, असं म्हटलं तर तुम्ही म्हणाल, बाईंना झालंय तरी काय? पण काय सांगू, मध्यंतरी कामोठे, घणसोली, ऐरोली अशा ठिकाणांहून आलेल्या पत्रांतून हाच प्रश्न फिरून फिरून आला. "नवी गाडी झेपत नाही आणि पावसात रिक्षा मिळत नाही. दोन-तीन पावसाळ्यांपुरती एखादी जुनी, स्वस्तातली गाडी घ्यावी का? घ्यायची तर फसू नये म्हणून काय पाहावं?" योगायोग असा, की आमच्या घरात हे सगळं रामायण नुकतंच घडून गेलंय. तेव्हा आज तेच सांगते.

आमच्या सासूबाईंना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागतं. मंगळवार, गुरुवार, शनिवार. आम्ही राहतो नेरूळला आणि त्यांचं रुग्णालय आहे वाशीला. एरवी रिक्षानं जमतं. पण पाऊस धो धो लागला की रिक्षावाले मान फिरवतात आणि फोनवरून बोलावलेली टॅक्सी ऐन वेळी 'रद्द' होते. 2024 च्या जुलैत अशाच एका दिवशी दीड तास खटपट करूनही वाहन मिळालं नाही आणि त्यांची एक खेप चुकली. दुसऱ्या दिवशी रात्री त्यांना असा दम लागला की आडवं होता येईना. ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांना ठाऊक असेल, मूत्रपिंडं काम करत नसली की अंगातलं पाणी बाहेर पडायला दुसरी वाट नसते, ते छातीत साठतं. त्या रात्री रुग्णवाहिकेतून जाताना मी मनाशी ठरवलं, पुढच्या पावसाळ्याच्या आत घरात चार चाकं आली पाहिजेत.

ह्यांचं म्हणणं, घ्यायची तर नवीच घेऊ, कर्ज काढू. मी पडले अर्धवेळ शिक्षिका. मुलाच्या वहीचं मागचं पान घेतलं आणि हिशेब मांडला. साधीशीच नवी गाडी, तरी महिन्याला दहा-अकरा हजारांचा हप्ता, तोही पाच वर्षं. शिवाय ती उभी राहणार उघड्यावर, खाडीच्या खाऱ्या हवेत, आणि चालणार सायन-पनवेल रस्त्याच्या खड्ड्यांतून. म्हटलं, "अहो, आपल्याला मिरवायचं नाहीये, आईंना वेळेवर पोचवायचंय." शेवटी ठरलं ते असं : सगळं मिळून एक लाख वीस हजार. आणि हे पैसे 'गेले' असंच समजायचं. गाडीनं दोन पावसाळे काढले तरी वसूल, तिसरा काढला तर तिची कृपा.

पहिली गोष्ट मी तुम्हांला हीच सांगेन. अशा गाडीसाठी जेवढी रक्कम बुडाली तरी घराची घडी विस्कटणार नाही, तेवढीच काढा. आणि सगळी गाडीच्या किमतीत घालू नका. पाचवा हिस्सा दुरुस्तीला बाजूला ठेवा. जुनी गाडी घेतल्याच्या दुसऱ्या दिवसापासून काही ना काही मागतेच, नव्या सुनेपेक्षा जास्त!

आता कोणती घ्यायची? आपल्या पिढीच्या मनात 'पहिली गाडी' म्हटलं की मारुती 800 च येते. 1983 च्या डिसेंबरात ती रस्त्यावर आली. पण एप्रिल 2010 मध्ये मोठ्या शहरांत धुराचे कडक नियम लागू झाले तेव्हा तिची तिथली विक्री थांबली, आणि जानेवारी 2014 मध्ये तिचं उत्पादनच बंद झालं. म्हणजे मुंबईच्या बाजूची 800 आज मिळाली तर ती पंधरा वर्षांच्या पुढचीच असणार. आणि पंधरा वर्षं हा खाजगी गाडीचा मोठा उंबरठा आहे बरं का! पहिली नोंदणी तेवढीच असते. पुढे चालवायची तर गाडी आर.टी.ओ.त तपासून घेऊन पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवावी लागते. ही फी पूर्वी सहाशे रुपये होती, ती 1 एप्रिल 2022 पासून पाच हजार झाली आणि वीस वर्षांवरच्या गाड्यांना 2025 च्या ऑगस्टपासून दहा हजार. वर पर्यावरण कर वेगळा. म्हणून सत्तर हजारांची गाडी 'स्वस्त' म्हणून घ्याल आणि सहा महिन्यांत तिची पंधरा वर्षं भरली, तर स्वस्ताई तिथंच संपली.

आमच्यासारख्या गरजेला मारुतीची आल्टो किंवा वॅगन-आर, ह्युंदाईची जुनी सँट्रो अशा गाड्या बऱ्या पडतात. एक तर त्यांचे सुटे भाग कुठल्याही गॅरेजात मिळतात आणि कुठल्याही मिस्त्रीला त्या तोंडपाठ असतात. दुसरं म्हणजे घरात गुडघेदुखीचं माणूस असेल तर बसायची जागा उंच हवी. आल्टोत खाली वाकून बसावं लागतं; वॅगन-आर आणि सँट्रोत म्हातारं माणूस खुर्चीवर टेकावं तसं टेकतं. आम्ही वॅगन-आर शोधायचं ठरवलं ते केवळ आईंच्या गुडघ्यांमुळे.

आणि इथं आम्ही फसता फसता वाचलो!

पहिली जी गाडी पाहिली ती नवऱ्यामुलीसारखी सजवलेली होती. चकचकीत रंग, नवीकोरी सीट-कव्हरं, आत मोगऱ्याच्या अत्तराचा घमघमाट. किंमतही बाजारापेक्षा पंधरा-वीस हजारांनी कमी. मी तर मनात हळद-कुंकू वाहून मोकळी झाले होते. बरोबर आमच्या खालच्या मजल्यावरचे काका होते. एस.टी.च्या कार्यशाळेत जन्म घालवून निवृत्त झालेले. ते काही बोलले नाहीत. आत बसले आणि पुढच्या सीटचा पट्टा हळूहळू ओढून पार शेवटपर्यंत बाहेर काढला. वरचा पट्टा स्वच्छ काळा, आणि जो भाग एरवी आत गुंडाळलेला असतो त्यावर मातकट पिवळी रेघ! मग त्यांनी पायाखालची गालिचाची कड उचलली. खाली वाळलेला बारीक गाळ. सीट ज्या रुळांवर पुढे-मागे सरकते ते गंजून लाल. काका एवढंच म्हणाले, "वहिनी, ही गाडी पोहून आलीय. अत्तर कशाला मारलंय, कळलं का?"

मैत्रिणींनो, आपल्या भागात हे फार ध्यानात ठेवायला हवं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला, 2021 च्या जुलैत महाड-चिपळूणला पूर आला. अशा प्रत्येक वेळी कितीतरी गाड्या पाण्याखाली जातात आणि त्या सगळ्याच काही भंगारात जात नाहीत. धुवून-पुसून पुन्हा बाजारात उभ्या राहतात. पाणी शिरलेल्या गाडीच्या तारा आतून हळूहळू कुजतात आणि ऐन पावसात, ऐन रात्री दिवे जातात. तेव्हा पट्टा पूर्ण ओढून पाहणं, गालिचा उचलणं, डिकीतलं जादा चाक काढून त्याखालचा खळगा पाहणं आणि नाक उघडं ठेवणं, ही चार कामं कुठलीही गृहिणी करू शकते. कुबट कपाटाचा वास आपल्याला ओळखता येतो, मग गाडीतला का येऊ नये?

दुसरा शत्रू गंज. हवेत मीठ, त्यात चार महिने ओल. वरचा पत्रा रंगवता येतो, म्हणून तो पाहण्यात अर्थ नाही, खाली पाहा. दाराखालचा लांब पट्टा असतो ना, ज्यावर आपण पाय टेकून उतरतो, तो बोटांच्या पेरांनी वाजवत जा. चांगला पत्रा खणखणतो; आतून खाल्लेला किंवा लांबी भरलेला पत्रा भद्द वाजतो, अगदी पोचट नारळासारखा. फ्रीजच्या दारावरचं लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळून फिरवलं तरी चालतं. लांबी जाड असेल तिथं ते धरत नाही. जॅक लावायची जागा, चाकांच्या वरच्या कमानी आणि बॉनेट उघडल्यावर पुढच्या चाकांचे शॉक-अॅब्सॉर्बर वर जिथं बसतात ते गोल, एवढी ठिकाणं खाल्लेली असतील तर गाडी फुकट मिळाली तरी घेऊ नये. दारावरचे ओरखडे, फिका पडलेला रंग, बंद रेडिओ यांच्याकडे मात्र खुशाल काणाडोळा करा. उलट त्यांच्या नावानं चार पैसे कमी करून घ्या. भाजीवाल्याशी घासाघीस करणाऱ्या आपण, इथं का लाजायचं?

इंजिनाचं म्हणाल तर गाडी पाहायला सकाळी जा आणि मालकाला आधीच सांगा की गाडी सुरू करून ठेवू नका. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवा. गरम असेल तर समजा, काहीतरी लपवायचंय. थंड इंजिन पहिल्या-दुसऱ्या झटक्यात सुरू झालं पाहिजे. तेल घालायचं झाकण उघडून आतल्या बाजूला पाहा : ताकाच्या निवळीसारखा पांढरट मळ चिकटलेला असेल तर तेलात पाणी जात असण्याची शंका घ्यावी. मागून निळसर धूर म्हणजे गाडी तेल पितेय. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबला नाही तर पाणी जळतंय. पेट्रोलचा वास येतोय का तेही पाहा. आपल्या पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल सर्रास झाल्यापासून जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि वायसर लवकर खराब होऊ शकतात, त्या बदलून घ्याव्यात. सी.एन.जी.ची गाडी असेल तर किटची नोंद आर.सी.वर हवी आणि टाकीची दर तीन वर्षांनी होणारी तपासणी झाल्याचा दाखला हवा. तो नसेल तर 'पुढं करून घेऊ' म्हणू नका. गॅसच्या टाकीशी उधारी नको.

टायरवर किती 'दात' उरलेत ते पाहाच, पण वयही पाहा. टायरच्या कडेला लंबगोलात चार आकडे असतात. 2319 असतील तर 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. नक्षी खोल दिसली तरी जुनं रबर कडक होतं आणि ओल्या रस्त्यावर घसरतं. खाचांच्या तळाशी मधूनमधून छोटे उंचवटे असतात; टायर झिजून त्यांच्या पातळीला आला म्हणजे 1.6 मिलिमीटर उरला, कायद्यानं बाद.

आणखी एक गंमत सांगू? आपण स्वस्तातली गाडी घेताना 'खिडक्या बटणाच्या नाहीत हो' म्हणून नाक मुरडतो. पावसाळ्यासाठी हातानं फिरवायच्या काचा म्हणजे देणगी! पाण्यात बॅटरी गेली की बटणाच्या काचा जागच्या जागी राहतात. 2005 च्या त्या पावसात बंद गाड्यांत अडकून माणसं गेली, हे आपण विसरता कामा नये. मी तर एक लहानशी हातोडीही सीटखाली ठेवलीय. ए.सी. मात्र चालू हवा. तो चैनीसाठी नव्हे. पावसात आतून काच धुरकटते तेव्हा ए.सी.ची कोरडी हवा ती झटक्यात साफ करते. पूर्वी टॅक्सीवाले काचेवर ओली तंबाखू फिरवायचे, कुणी बटाट्याची फोड घासायचे, म्हणजे पाणी काचेवर थेंब न धरता ओघळून जायचं. ते अडीनडीला ठीक; पण वायपरचं नवं रबर काही फार महाग नसतं, ते दर मे महिन्यात बदलावं.

आता कागदपत्रं. इथं आपण बायका 'ते तुम्ही बघा' म्हणून उठून जातो, तसं करू नका. आर.सी.वरचा चॅसी नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः जुळवून पाहा. सरकारच्या 'एम-परिवहन' अॅपवर गाडीचा नंबर घातला की नोंदणी कधीपर्यंत आहे, विमा-पी.यू.सी. चालू आहे का, बँकेचा बोजा आहे का, हे दिसतं. बोजा असेल तर बँकेचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म 35 हवा. दंडाच्या ई-चलनांचीही बाकी पाहा. मालकी-बदलासाठी फॉर्म 29 आणि 30 लागतात. एप्रिल 2019 च्या आधीची गाडी असेल तर नवी उच्च सुरक्षा नंबरपाटी बसवलेली हवी. ती नसेल तर आर.टी.ओ.तली कामं अडतात, म्हणून ती विकणाऱ्याकडूनच बसवून घ्या. दिल्लीकडच्या नंबराची गाडी फार स्वस्त दिसते, पण परराज्यातल्या गाडीला तिथला ना-हरकत दाखला आणि इथला रस्ता-कर, दोन्ही लागतात. आपली एम.एच. 43, 46 किंवा 04 बरी.

मालकी-बदल टाळू नका, हे मी जीव तोडून सांगतेय, कारण आम्ही एकदा हात पोळून घेतलाय. आमची जुनी स्कूटर ह्यांनी एका ओळखीच्या माणसाला विकली. 'नाव करून घेतो' म्हणाला, आम्ही विश्वासानं सह्या करून दिल्या. दोन वर्षांनी दुसऱ्याच गावचं चलन आमच्या नावावर! ते निस्तरता निस्तरता नाकी नऊ आले. कायदा असा आहे की विकणाऱ्यानं चौदा दिवसांत आणि घेणाऱ्यानं तीस दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचं. आणि सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये एका अपघाताच्या खटल्यात स्पष्टच सांगितलं, की गाडी कितीही हातांतून गेली असली तरी नोंदणीत ज्याचं नाव, भरपाईची जबाबदारी त्याची. त्यामुळे स्वस्तातली गाडी घेताना आणि पुढे काढतानासुद्धा ही पायरी गाळू नका. विमाही चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घ्यायला अर्ज द्यायचा असतो. अशा गाडीला दुसऱ्याच्या नुकसानीचा सक्तीचा विमा तेवढा आम्ही घेतला. हजार सी.सी.च्या आतल्या गाडीला त्याचा हप्ता मी भरला तेव्हा वर्षाला 2,094 रुपये अधिक कर एवढा होता. यात आपल्या गाडीची भरपाई मिळत नाही. पण ती गेलीच म्हणून समजायचं, असं आपण आधीच ठरवलंय ना!

शेवटी पनवेलच्या बाजूला एका निवृत्त गृहस्थांची 2012 सालची वॅगन-आर मिळाली. रंग विटलेला, मागच्या दाराला पोचा, पण खालून खणखणीत. एक लाख दहा हजार सांगत होते, पंच्याण्णव हजारांवर आणली. वरचा खर्च असा झाला : पुढचे दोन टायर 6,800, ब्रेक पुढचे-मागचे 3,600, वायपर 650, बॅटरी 4,000, तेल-फिल्टर-प्लग-पट्टा 3,900, पंखा आणि ए.सी.चा गॅस 2,400. म्हणजे 21,350 रुपये. विमा धरून एक लाख वीस हजारांच्या आत बसवलं. पोचा तसाच ठेवलाय. मे महिन्याच्या मध्यावर गाडी घरी आली आणि 26 मे 2025 ला पाऊस मुंबईत हजर, नेहमीपेक्षा सोळा दिवस आधी! काका म्हणाले, "वहिनी, तुमच्या गाडीच्या पायगुणानं आला."

त्यांनी मला एक धडा गाडी ताब्यात देतानाच घोकून घेतला होता. पाणी चाकाच्या निम्म्यापर्यंत असेल तर पहिल्या गिअरात, न थांबता, हळू एका चालीनं जायचं. त्याच्या वर असेल तर वळायचं. आणि पाण्यात इंजिन बंद पडलं तर किल्लीला पुन्हा हात लावायचा नाही. इंजिन हवा ओढतं तसं पाणीही ओढतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही; मग आतला दांडा वाकतो आणि इंजिन कायमचं जातं. बंद पडून नव्हे, बंद पडल्यावर पुन्हा सुरू करून गाड्या मरतात.

तो धडा उपयोगी पडला 19 ऑगस्टला. मंगळवार होता. आदल्या दिवसापासून आभाळ फाटलं होतं, मुंबईकडच्या हार्बर गाड्या बंद पडल्या होत्या, हे वाटेतूनच परत आले होते. आईंची दुपारची वेळ. रेल्वेखालच्या रस्त्याला पोचलो तर पाणी तुंबलेलं. हे म्हणाले, "अगं, ती पुढची गेली की! घाल तू पण." मी पाहिलं, पुढच्या गाडीच्या नंबरपाटीपर्यंत पाणी होतं. वळवली. दुसऱ्या रस्त्यानं निघालो तर एका सखल जागी समोरून मोठा ट्रक आला, त्याची लाट बॉनेटवर आदळली आणि गाडी बंद. माझा हात सवयीनं किल्लीकडे गेला आणि तसाच मागे आला. बाहेर पोटऱ्यांइतकं पाणी. काचा हातानं खाली केल्या, दार उघडलं, आईंना दोघांनी धरून रस्त्याच्या उंच बाजूला आणलं. बाजाराकडे निघालेला एक भाजीचा टेम्पो थांबला. चालकाशेजारी आईंना बसवलं, मी त्यांच्या कडेला, हे मागे पोत्यांवर. तासभर उशीर झाला, पण डायलिसिस झालं.

गाडी रात्रभर तिथंच राहिली. दुसऱ्या दिवशी काकांनी प्लग काढून इंजिन फिरवलं तेव्हा आतून पाण्याची चूळ बाहेर पडली. तेल, फिल्टर बदलले, 2,800 रुपये लागले आणि गाडी खोकत खोकत सुरू झाली. संध्याकाळी हे चहा घेता घेता म्हणाले, "खरं सांगू? नवी असती ना, तर मी तिला तशी पाण्यात सोडून आलो नसतो. टोचनवाला येईपर्यंत बसलो असतो." मी काही बोलले नाही. आई आत झोपल्या होत्या.

मैत्रिणींनो, आपलं नवी मुंबई शहर सिडकोनं 1970 नंतर वसवलं, ते बरंचसं खाजणांवर आणि मिठागरांच्या जमिनीवर. पुष्कळसा भाग भरतीच्या पातळीच्या खाली आहे. म्हणून तर पावसाचं पाणी साठवायचे धारण तलाव बांधलेत. भरतीला त्यांची दारं मिटतात आणि ओहोटीला पाणी खाडीत जातं. मोठी भरती आणि मोठा पाऊस एकाच वेळी आले की पाण्याला जायला वाट नसते. तेव्हा पावसाळ्यात भरतीची वेळ वर्तमानपत्रात पाहायची सवय लावा. साडेचार मीटरच्या वरची भरती असेल त्या वेळेच्या आसपास सखल रस्ते टाळा. आम्ही आता रुग्णालयाला सांगून अशा दिवशी वेळ मागेपुढे करून घेतो. कुठलीही गाडी, जुनी वा नवी, याला पर्याय नाही.

आमच्या गाडीची पंधरा वर्षं 2027 मध्ये भरतील. तेव्हा ती नोंदणीकृत भंगार केंद्रातच द्यायची, हेही ठरलंय. तिथं दाखला मिळतो, नोंदणी रद्द होते आणि दाखल्यावर पुढच्या नव्या गाडीच्या करात सवलत मिळते. कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याला चार पैसे जास्त घेऊन दिली आणि ती आपल्या नावावर कुठं कुठं फिरत राहिली, तर स्कूटरचीच कथा पुन्हा!

जाता जाता आईंची गंमत. परवा शेजारणीनं त्यांना विचारलं, "काय हो, सूनबाईंनी इतकी जुनी गाडी का घेतली?" तर म्हणाल्या, "अगं, मी तरी कुठं नवी आहे? दोघींचे ब्रेक तेवढे चांगले आहेत!"

तुमच्यापैकी कुणी असा व्यवहार केला असेल, त्यात शहाणपण आलं असेल किंवा फसगत झाली असेल, तर जरूर कळवा. पावसाळी चपला घेताना आपण तळवा वाकवून पाहतो, घसरत नाही ना याची खात्री करतो. गाडी घेतानाही तेवढंच करायचं.

तुमचीच.